कागद आणा म्हणणाऱ्या गजभियेबाई

दुपारी दीडला बाकावरची गर्दी ओसरली की गजभियेबाई खुर्ची भिंतीला टेकवायच्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. झोपायच्या नाहीत. खालून सीताबर्डीचा गलका वर येत असायचा, कापडवाल्यांच्या हाका, रिक्षांच्या घंट्या, कुणाचं तरी भांडण. दहा मिनिटांनी डोळे न उघडताच त्या म्हणायच्या, "कुंदा, तीन नंबरच्या मशीनची रिबन बदल वं. सकाळपासून रडून राहिली ते." मग उठायच्या, मनगटांना सुती पट्ट्या गुंडाळायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या. मी त्यांच्याकडे सात वर्षं शिकवलं. त्या सात वर्षांत त्यांना ताजंतवानं मी पाहिलं नाही, आणि एक दिवस रजा घेतलेलंही पाहिलं नाही.

हे सत्तरीच्या दशकातलं. सीताबर्डीच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बाईंची टायपिंगची संस्था होती. अकरा मशीनं, त्यातली सहा मराठी. सकाळी आणि संध्याकाळी परीक्षेला बसणारी मुलंमुली, आणि अकरा ते पाच बाहेरचं काम. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी, खाजगी पत्रं. मी प्रतापनगरहून सायकलने यायची. दोन मुलं शाळेत जायला लागली होती, नवरा सरकारी कचेरीत होता, आणि मला लग्नाआधी मिळवलेलं चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट कपाटात पडून राहिल्याचं वाईट वाटत होतं. बाईंनी माझी बोटं पाच मिनिटं चालताना पाहिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून या." आठवडाभरात ‘या’चं ‘ये’ झालं.

बाई इंदोऱ्याच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पनमध्ये दीक्षा घेतली तेव्हा त्या विशीत होत्या. मॅट्रिक झालेली मोहल्ल्यातली पहिली मुलगी. पुढे काही वर्षं कोर्टाच्या आवारात एका वकिलाकडे टायपिस्ट होत्या. ती नोकरी का सोडली हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तो वकील चहाच्या टपरीवर जाऊन पक्षकारायच्या गोष्टी सांगे. लोक हसत. म्या टाइप केलेल्या गोष्टी." एवढंच. लग्न केलं नाही, त्याबद्दल कोणी विचारलं तर "वेळच नाही भेटला" म्हणायच्या, आणि ते खरंच वाटायचं.

बाहेरच्या कामाचे त्यांचे नियम होते. गिऱ्हाइकाने मजकूर आणायचा, बाकावर बसायचं, काम होईपर्यंत उठायचं नाही. काम झालं की मूळ कागद, टाइप केलेली प्रत, कार्बनची प्रत, आणि वर तो वापरलेला कार्बन पेपरही त्याच्या हातात. रोलरवर आधाराला लावलेल्या जाड कागदावर अक्षरांचे ठसे उठतात, तोही. चुकून खराब झालेलं पान असेल तर तेही. गिऱ्हाईक गोंधळून जायचं. "बाई, हा काळा कागद घेऊन काय करू?"

"तुमचाच हाय. चुलीत घाला नाहीतर जपून ठेवा. माह्याकडं नोको."

नाव विचारायचं नाही, हाही नियमच. पुठ्ठ्याचे नंबर कापून ठेवले होते. चार नंबर, सहा नंबर, असंच हाक मारून बोलवायचं. सुरुवातीला मला तो आचरटपणा वाटला. अर्जावर नाव असतंच की खाली! मी तसं म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "ते त्याच्या कागदावर असते. माह्या वहीत काहून पाह्यजे? उद्या कोणी विचारलं तर मले खोटं बोलता येत नाही. म्हणून ठेवतच नाही. नसलं म्हणजे देता बी येत नाही."

त्या टाइप करताना मजकूर वाचत नाहीत अशी सगळ्या सीताबर्डीत ख्याती होती. त्या स्वतःही तेच सांगायच्या. मी अक्षरं पाहते, मजकूर पाहत नाही. पहिल्याच महिन्यात मला खोडी सुचली. एका लांबलचक अर्जाच्या मधोमध मी लिहिलं, ‘बाई, तुमच्या पदराला आग लागली आहे.’ आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी खडखड पान उतरवलं, आगीसकट, आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "पदरातला द सुटला होता तुह्या कागदात. मी घातला." मी हसत सुटले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सवयीने त्यांनी कार्बनही माझ्या हातात दिला.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या वहीबद्दल आहे, आणि ते सांगताना मला आजही जड जातं.

एके दिवशी दोन कागदांची अदलाबदल झाली. एका मास्तरांच्या बदलीचा अर्ज होता आणि एका बाईचा नवऱ्यापासून वेगळं राहायचं असल्याचा अर्ज होता. सहा आणि नऊ. पुठ्ठा उलटा धरला की सहाचा नऊ होतो हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मास्तर तिचे कागद घेऊन खाली गेले, वाचले, आणि हसतच पुन्हा वर आले. दारातून मोठ्याने म्हणाले, "अहो बाई, माझा संसार कशाला मोडता? मला तर फक्त काटोलला बदली पाहिजे!" बाकावरच्या पाच-सहा माणसांनी वर पाहिलं. ती बाई तिथेच बसलेली होती. कोणाचा कागद हे कोणी सांगायची गरज उरली नाही. ती पदर सावरत उठली आणि कागद न घेताच जिना उतरून गेली. गजभियेबाई मागे धावल्या, पण रस्त्यावर ती दिसली नाही. ते कागद त्यांनी जाळले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी मनाशी ठरवलं की असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. बाईंना न सांगता मी एक छोटी वही केली. तारीख, पुठ्ठ्याचा नंबर, आणि पुढे बोलता बोलता कळलेलं आडनाव नि वस्ती. तीन, नागोसे, काटोल नाका. असं. कागद हातात देताना मी नजर टाकून खात्री करून घ्यायची. वर्ष-सव्वावर्ष एकही घोटाळा झाला नाही आणि मला स्वतःचं कौतुक वाटायचं.

मग एका सकाळी फौजदार आला. तरुण, नुकताच नेमणूक झालेला. तो जिना चढून वर आला तेव्हा मी त्याला ओळखलं. पोलिसात लागण्याआधी तो आमच्याकडेच मराठी तीसच्या परीक्षेला बसला होता. त्याने टेबलावर एक टाइप केलेला अर्ज ठेवला. खाली सही नव्हती. शहराबाहेरच्या एका खाजगी जिनिंग कारखान्यात सरकी काढायच्या यंत्रात शेवंता नावाच्या मजूर बाईचा हात गेला होता. मालक म्हणत होता की ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती, बाहेरून आत आली. अर्जात लिहिलं होतं की ती तीन वर्षांपासून कामाला आहे, आणि सोबत हजेरीपटाच्या एका पानाची टाइप केलेली नक्कल जोडली होती. अर्ज कामगार अधिकाऱ्यांकडे गेला होता. तिथून तो मालकापर्यंत कसा पोचला कोण जाणे. मालकाने हजेरीपटाचं पान चोरीला गेल्याची फिर्याद दिली होती.

"बाई, हा ळ पाहा," फौजदार म्हणाला. "वर उडालेला. दोन नंबरच्या मशीनचा. मी याच ळ-पायी बोलणी खाल्ली तुमची."

बाईंनी चष्मा लावला, ळ पाहिला. "हो. आमचाच हाय."

"कोणी टाइप करून नेला?"

"कागद आणा."

"बाई, कागद कशाला? नुसतं तोंडी सांगा. मी तुमचाच विद्यार्थी आहे."

"म्हणूनच सांगून राहिली ना, रमेश. तुले ळ लक्षात राहिला, शिकवलेलं नाही राहिलं. काय पाह्यजे, कोणत्या दिवसाचं पाह्यजे, कोणाच्या हुकमानं पाह्यजे, ते लिहून आण. मंग जे असन ते देतो."

तो हसला, पण उठताना त्याचा चेहरा थोडा उतरला होता. सोबतचा हवालदार बाहेर जाताना मोठ्याने म्हणाला, "आजकाल टायपिंगवाल्या बी वकील झाल्या!" बाईंनी पुढचा नंबर पुकारला.

त्या दिवशी मी वही पिशवीत घालून घरी नेली. तो अर्ज नागोसेंनी टाइप करून नेला होता आणि त्यांचं नाव वहीत होतं, हे मला पक्कं आठवत होतं. वही चुलीजवळ घेऊन गेलेसुद्धा. नवऱ्याने विचारलं, मी सगळं सांगितलं. ते घाबरट नव्हते, पण कचेरीत आयुष्य गेलेला माणूस. म्हणाले, "चौकशी सुरू झाल्यावर वही जाळली तर तो गुन्हा होतो. मग त्या माणसाबरोबर तूही. मुलं लहान आहेत." मी वही पुन्हा पिशवीत ठेवली. बाईंना सांगावं असं तीन दिवस रोज वाटलं. पण त्यांचा नियम मोडला होता, आणि तो त्यांच्यासाठीच मोडला होता हे त्यांना कसं सांगायचं, हे काही सुचेना.

चौथ्या दिवशी तीनच्या सुमारास फौजदार कागद घेऊन आला. बाईंनी तो टेबलावर सरळ ठेवला, त्यावर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन नंबरचं मशीन ताब्यात घ्यायचं होतं. आणि अर्जावर जी तारीख होती त्या दिवसाची ‘वही, रजिस्टर अथवा टिपण असल्यास’ तेही.

"मशीन न्या," बाई म्हणाल्या. "वही-रजिस्टर मी ठेवत नाही." मग, सवय म्हणून असेल, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुंदा, तुह्यापाशी काही हाय का?"

मला आठवतं, समोरच्या मशीनवर एक मुलगी सराव करत होती. तिची बोटं थांबली. मी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

बाईंनी वहीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फौजदाराने हात पुढे केला तसा त्यांनी वहीवर तळवा ठेवला. "थांब. कागदात एका दिवसाचं लिहिलं हाय. एका दिवसाचंच भेटन."

"अहो बाई, वहीच द्या ना सगळी."

"बाकीच्या दिवसाचे कागद आण. एकेका दिवसाचा एकेक."

शेवटी असं झालं की बाईंनी वही स्वतःच्या हातात धरली, ते पान उघडलं, वरच्या नि खालच्या दिवसांवर दोन कोरे कागद दाबून धरले, आणि मधल्या तीन ओळी फौजदाराने उतरवून घेतल्या. तीन नावं. त्या दिवशी बाहेरचं काम घेऊन तिघंच आले होते. बाईंनी त्याच्याकडून लिहून घेतलं की तीनच ओळी दिल्या, बाकी पानं पाहिली नाहीत. ते लिहिताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. वाईट मुलगा नव्हता तो. "उद्या सकाळी जाऊ चौकशीला," तो हवालदाराला म्हणाला, आणि मला वाटतं, ते जरा मुद्दामच मोठ्याने म्हणाला. दोघांनी मशीन उचलून जिन्याने खाली नेलं.

ते गेल्यावर बाईंनी संध्याकाळच्या बॅचला सुट्टी दिली. मी आल्यापासून पहिल्यांदा. मनगटाच्या पट्ट्या सोडल्या आणि म्हणाल्या, "चाल."

"कुठं?"

"कागदात दे म्हणून लिहिलं होतं. ज्याचं नाव दिलं त्याले सांगू नोको असं नाही लिहिलं."

आम्ही सायकलरिक्षा केली. पहिलं घर धंतोलीतल्या एका पेन्शनर आजोबांचं. त्यांची तक्रार नळाबद्दलची होती. पोलीस येणार म्हटल्यावर ते उलट खूशच झाले, कोणीतरी येतंय म्हणून. दुसऱ्या घराला कुलूप होतं, शेजारणीकडे निरोप ठेवला. तिसरं काटोल नाक्याकडचं. रिक्षात मी रडायला लागले. म्हटलं, "बाई, मी ती वही..."

त्यांनी मला बोलू दिलं नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "मी वाचतो वं सगळं. न वाचता कोणाले टाइप करता येते? तुह्या त्या आगीचं बी वाचलं होतं. एकूणएक वाचतो. कोणाची पोरगी कुठं हाय, कोणाचा भाऊ कशानं मेला. कार्बन देऊन टाकतो, पण हे कुठं देऊ?" आणि कपाळावर बोट टेकवलं. मला त्या क्षणी त्यांची दुपारची दहा मिनिटं कळली. डोळे मिटून त्या विश्रांती घेत नव्हत्या.

नागोसे घरासमोर सायकलचं पंक्चर काढत बसले होते. चाळिशीचा, बारीक, चेहऱ्यावर देवीचे वण. ते त्या कारखान्यात हजेरी लिहायचे. बाईंना पाहून ते उठले आणि लगेच ओळखलं की हे काही बरं नाही. बायको दारात आली.

"तुमचं नाव गेलं पोलिसाकडं," बाई म्हणाल्या. पाणीही न घेता, उभ्या उभ्या.

"कोणी सांगतलं?"

"आम्ही. कागद आला होता. द्यावं लागलं."

आम्ही, असं म्हणाल्या. मी मागे उभी होते.

नागोसेंनी हातातली चाकाची नळी खाली ठेवली. हात फडक्याला पुसले. मग त्यांनी विचारलं, "कधी गेलं?"

"दोन घंटे झाले. उद्या सकाळी येतीन."

"मंग आज हाय आपल्या हाती." ते घरात गेले. धान्याची कोठी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या आत काहीतरी सपाट खोचलेलं दिसत होतं. शेजाऱ्याची सायकल मागून घेतली आणि निघून गेले. बायको आमच्याकडे पाहत राहिली. "शेवंता माह्या माहेरची हाय," ती एवढंच म्हणाली. मग तिने आम्हाला गुळाचा चहा दिला, आणि तो पिताना मला मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी नागोसेंच्या घराची झडती घेतली, काही सापडलं नाही. हजेरीपटाचं खरं पान आदल्या संध्याकाळीच एका कामगार वकिलाने अधिकाऱ्यांच्या हाती देऊन पोच घेतली होती. पुढे वर्षभराने शेवंताला भरपाई मंजूर झाली. हात काही परत आला नाही. नागोसेंची नोकरी गेली आणि चोरीचा खटला मात्र तीन वर्षं चालला.

महिन्याभरात नागोसे पुन्हा आमच्या जिन्यावर दिसले. जामिनाचे कागद टाइप करून पाहिजे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "नागोसे, दुसऱ्या ठिकाणी जा. इथूनच तुमचं नाव गेलं."

ते बाकावर बसले. "मालूम हाय बाई. दुसरीकडं जाऊन पाह्यलं पहिले. तिथं पोलिसाले कागद बी आणा लागत नाही." आणि त्यांनी मजकूर पुढे केला. बाईंनी पट्ट्या गुंडाळल्या. ते काम त्यांनी मला करू दिलं नाही.

वही त्यांनी मला परत दिली होती. तिचं काय करायचं ते तूच ठरव, एवढं म्हणून. खटल्यात ती लागली नाही म्हणून वकिलांना विचारून मी नंतर ती नष्ट केली. बाईंनी पुढे सहाच्या नि नऊच्या पुठ्ठ्यांऐवजी वेगवेगळ्या रंगांचे पुठ्ठे केले. इतकी साधी गोष्ट होती.

संस्थेचं काम मात्र त्यानंतर उतरतच गेलं. कारखानदारांची, ठेकेदारांची कामं बंद झाली. ‘तिथं पोलीस येतात’ म्हणून काही आईबापांनी मुली काढून घेतल्या. साक्षीदार म्हणून बाईंना कोर्टाच्या तारखा पडायच्या. सकाळी अकराला जायचं, बाकावर बसायचं, चारला कळायचं की आज होत नाही. मी दोन-तीनदा सोबत गेले. अशाच एका तारखेला, कोणी विचारलेलं नसताना, त्यांनी मला त्यांच्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. त्या लहान असताना मोहल्ल्यात वाचता येणारा एकच माणूस होता. कोणाचंही पत्र आलं की तो चौकात उभा राहून वाचायचा, जणू पेपर. एकदा बहिणीचं पत्र आलं, सासरहून कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नवरा दुसरी करतो म्हणतो, मला घेऊन जा. ते सगळ्या गल्लीने ऐकलं. आठ दिवस दुसरा विषय नव्हता. "बाप लाजेनं गेलाच नाही आणाले," बाई म्हणाल्या. "पत्र घरात गुपचूप वाचलं असतं तर गेला असता. मले पक्कं मालूम हाय, गेला असता." मग पट्टेवाल्याने तारीख पुढे गेल्याचं पुकारलं आणि आम्ही उठलो.

साक्ष झाली ती उन्हाळ्यात. नागोसेंनी अर्ज आपणच केल्याचं आधीच कबूल केलं होतं, त्यामुळे विचारायला फारसं काही नव्हतं. पण मालकाच्या वकिलाला दुसरंच हवं होतं.

"त्या कारखान्यातले आणखी कोणकोण तुमच्याकडे यायचे?"

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"आठवत नाही का?"

"आठवते."

"मग सांगा."

"माह्यापाशी कागद आला तो एका दिवसाचा होता. त्या दिवसाचं मी दिलं. बाकीचे लोक माह्याकडं काम घेऊन आले, या खटल्याशी त्यायचा संबंध नाही. साहेबांनी हुकूम केला तर पाहीन. तुम्ही विचारता म्हणून नाही सांगणार."

वकील हसले. "म्हणजे कायदा तुम्ही ठरवणार?"

"नाही. म्हणून तर साहेबांकडं पाहून राहिली."

पंखा घरघरत होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं, फिर्यादीचा कागद वरखाली पाहिला आणि वकिलांना म्हणाले की या प्रश्नाचा चोरीच्या आरोपाशी संबंध दिसत नाही, पुढे चला. बाईंनी कठड्याला धरलेला हात सोडला. बाहेर आल्यावर त्या व्हरांड्याच्या पायरीवरच बसल्या. मी म्हटलं, "बाई, जिंकलात." त्या म्हणाल्या, "पाणी आण वं."

नागोसे सुटले. पुढे ते एका कापडाच्या दुकानात लागले. दोन नंबरचं मशीन परत आलं तेव्हा ते गंजलेलं होतं, बटणं रुतून बसली होती. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची बदली भंडाऱ्याला झाली आणि मी काम सोडलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच भेटले, पाच-सहा वर्षांनी. संस्था त्यांनी बंद केली होती. इंदोऱ्याला भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या. बोटं सुजलेली, पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. त्यांनी मुलांचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं. मी आणलेला चिवडा भाच्याच्या पोरांना वाटून टाकला. तासाभराने मला राहवेना.

"बाई, ती वही माझी होती. तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय बोलू? मी तुले विचारलं, तू देल्ली. खोटं बोलली असती तर दुसऱ्या दिवशी तुले कामावर ठेवलं नसतं मी."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं. मी पिशवी उचलत होते तेवढ्यात त्या पुन्हा बोलल्या, माझ्याकडे न पाहता.

"पण तवा मनात म्हणून राहिली होती मी. नाही म्हण. कुंदा, नाही म्हण."

मी पिशवी घेऊन उठले. त्या मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, हळूहळू, भिंतीला हात लावत. नको म्हटलं तरी आल्या. मी रिक्षात बसले. रिक्षावाला गाडी वळवत होता तेव्हा मी मागे पाहिलं. बाई कोणाच्या तरी ओट्यावर टेकल्या होत्या. एक चप्पल काढून त्यातला खडा झाडत होत्या. ती चप्पल त्यांनी पुन्हा पायात घातली, पण उठल्या नाहीत. रिक्षा रस्त्याला लागेपर्यंत मी पाहत होते. त्या तिथेच बसून होत्या.